रक्तातलं मीठ

माझं लग्न आतेभावाशी झालं. आमच्याकडे त्यात कुणाला विशेष वाटत नसे. भावाची मुलगी सून करून आणली की घरातलं माणूस घरातच राहतं, असं आत्या म्हणायची. मी परकर नेसत होते तेव्हापासून तिनं मला मागून ठेवलं होतं. तिचं गाव आमच्या गावापलीकडे, मधे फक्त एक कातळाचा सडा. मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला जायची आणि तिच्या मोठ्या मुलाशी काजूच्या बियांवरून भांडायची. त्याच मुलाला हळद लागल्यावर 'अहो' म्हणायची पाळी आली, तेव्हा पहिले काही दिवस आम्हा दोघांनाही हसू आवरत नसे.

हे तेव्हा लोट्याला एका केमिकल कंपनीत कामाला होते. शिफ्टची नोकरी. खेडजवळ खोली घेऊन चौघं मित्र राहायचे आणि सुट्टीला हे घरी यायचे. आले की आत्या त्यांना पडवीतच कपडे उतरवायला लावी. कपड्यांना एक तिखट वास असायचा, दोनदा धुतले तरी न जाणारा.

अठ्ठ्याण्णव साली, भातकापणीच्या दिवसांत, मला मुलगा झाला. भरल्या अंगाचा, मोठ्यानं रडणारा. रंगानं जरा सावळा, काखेत आणि जांघेत तर काळपटच. आत्या म्हणाली, "आजावर गेलाय." बारसं झालं, पाळणा म्हटला, आणि त्याच आठवड्यात तो दूध टाकायला लागला.

आधी थोडंसं, मग पोटातलं सगळंच. पाजून खांद्यावर घेतला की माझी पाठ ओली. जवळच्या बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी औषध दिलं, दूध पचत नसेल म्हणाले. आत्यानं मीठमोहऱ्या ओवाळल्या, वावडिंगाचं पाणी दिलं. तो वाळत गेला. टाळू खोल गेली. रडायचा तो कण्हायला लागला, आणि मग कण्हेनासाही झाला. एका सकाळी मी त्याला पाजायला घेतलं तर त्यानं ओठ मिटलेलेच ठेवले. आत्यानं त्याला माझ्याकडून काढून घेतलं तेव्हा मला वाटलं, ती त्याला दुसऱ्या खोलीत निजवायला नेते आहे.

इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन गेले. कुठे पुरला ते मला त्यांनी सांगितलं, पण तिथे जायचं नाही असंही सांगितलं, आणि मी गेले नाही. त्याचा फोटो नाही. फोटो काढायचा तो पुढच्या सुट्टीला, रत्नागिरीत स्टुडिओत जाऊन, असं आमचं ठरलं होतं.

सांत्वनाला आलेल्या कुणीतरी यांना विचारलं, "तुमच्या कंपनीत कसली कसली केमिकल असतात ना?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य यांच्या डोक्यात रुतलं. नंतर हे कामावर गेले ते राजीनामा द्यायलाच. परत आले तेव्हा पडवीत उभे राहून मला म्हणाले, "माझ्या अंगावरनं आलं ते. मी त्याला उचलायचो ना, ते माझ्या अंगाला होतं." मी म्हटलं, "आणखी किती जण आहेत तिथे कामाला. त्यांची मुलं आहेत की." त्या वेळी ती नोकरी सोडणं म्हणजे वेडेपणा होता, असं सगळ्यांनी सांगितलं. आत्यानं तेवढं म्हटलं नाही. तिलाही तेच वाटत असावं.

आम्ही रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, भाट्याला दोन खोल्या घेतल्या. यांना नारळाच्या एका वाडीत रोजंदारीचं काम मिळालं: आळी करायची, पाट काढायचे, रोपं उचलायची. घरी येताना कपड्यांना आता मातीचा वास असायचा. तरीही हे आल्याबरोबर आधी न्हाणीत जायचे आणि खसखसून आंघोळ करायचे. मला दिवस गेल्याचं कळल्यावर तर जास्तच.

दोन हजार साली मी पुन्हा बाळंत झाले, या खेपेला रत्नागिरीत. नर्सनं दाखवलं, "मुलगा." डॉक्टर म्हणाले, अंडकोष अजून खाली उतरलेले नाहीत, उतरतील पुढे, काळजी नको. यांनी पेढे वाटले. आत्या बाळाच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तोच आलाय गो परत. बघ, रंगसुद्धा तोच." मीही तसंच मानलं. ते मानणं फार सोपं होतं. बारशाला त्याला पहिल्याचंच नाव ठेवावं असं मला वाटत होतं, पण तसं करत नाहीत म्हणून दुसरं ठेवलं. नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याचा असतो. यांना बहीण नव्हती, म्हणून ते आजीनंच, म्हणजे माझ्या आत्यानं, कानात सांगितलं.

आणि मग एक दिवस, पाजून खांद्यावर घेतल्यावर, माझी पाठ ओली झाली.

मला ते ओकणं ओळखीचं होतं. मी कुणाला हाक मारली नाही, ओरडले नाही. बाळाला तसंच टॉवेलात गुंडाळलं, वाडीत जाऊन यांना कामावरून उठवलं. हे चिखलाच्या पायांनी तसेच रिक्षात बसले. पूल ओलांडून रत्नागिरीत शिरेपर्यंत मी बाळाच्या नाकाशी बोट धरून होते.

तिथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या आईच्या बरोबरीच्या होत्या. चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. त्यांनी बाळाला पूर्ण उघडं केलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग चष्मा खाली सोडून विचारलं, "आधी मूल होतं?"

"होतं. असंच ओकून गेलं."

"मुलगा?"

"हो."

"रंगानं काळसर होता का? जांघेत, छातीवर?"

मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी नुसती मान डोलावली.

"तुम्ही दोघं नात्यातले?"

"माझे आतेभाऊ लागतात."

त्यांनी रक्त काढलं आणि स्वतः उभं राहून लगेच तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा म्हणाल्या, "हिच्या…" आणि थांबून, "बाळाच्या रक्तातलं मीठ संपत चाललंय. लघवीवाटे सगळं बाहेर जातंय. शरीराला धरून ठेवता येत नाहीये." त्यांची ती अडखळ मला त्या क्षणी कळली नाही.

सलाईन लावलं. स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ रडलं. कण्हणं नव्हे, चांगलं भोकाड पसरलं, आणि पाजल्यावर ते दूध पोटात राहिलं. हे भिंतीला टेकून उभे होते, ते हसायला लागले. शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. मला हसता येईना. सलाईनची ती बाटली मी पाहत होते. मिठाचं पाणी आणि एक इंजेक्शन. एवढंच होतं का ते?

बाई फेरीवर आल्या तेव्हा मी विचारलं, "पहिल्याला हेच दिलं असतं तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगू?"

"सांगा."

"बहुतेक वाचला असता." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण हे आधी डोक्यात यावं लागतं. मुलगा असला तर बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. उलटी-जुलाबच वाटतात. कुणालाही तसंच वाटलं असतं. तुम्ही काही कमी केलं नाही."

त्या गेल्यावर मी तोंडात पदर कोंबून रडले. पहिला गेला तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा वाटलं होतं, देवानं दिलं, देवानं नेलं.

पुढच्या तपासण्यांसाठी बाईंनी आम्हाला मुंबईला पाठवलं. आत्या बरोबर आली. सोनोग्राफी झाली, पुन्हा रक्त घेतलं, गुणसूत्रांची तपासणी झाली, तिचा निकाल यायला वेळ लागला. मग एका डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "ही मुलगी आहे."

हे म्हणाले, "कुठली?"

त्यांना वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या बाळाबद्दल बोलणं चाललंय.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. आत गर्भाशय आहे, सगळं मुलीचंच आहे, फक्त बाहेरची ठेवण पोटात असतानाच मुलासारखी झाली. औषधं नीट दिली तर ती वाढेल, शाळेत जाईल, मोठी होईल. पुढे ऑपरेशन करू. मी ऐकत होते. बाळ माझ्या मांडीवर होतं, जिवंत, माझ्या बोटाला धरलेलं, आणि माझ्या मनात येत होतं की माझा मुलगा पुन्हा गेला. ज्याला तोच परत आला म्हणून मी पाजलं होतं, तो कधी आलाच नव्हता. पहिला गेला तो गेलाच होता, आणि ही आणखी कुणी होती, जिला मी अजून ओळखतही नव्हते. हे मी कुणाला बोलून दाखवू शकले नाही. जिवंत मुलासाठी कोण रडतं?

मग दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर, आत्यानं बाळाला माझ्याकडून घेतलं, डोकं पदराखाली झाकलं आणि कानात एक नाव सांगितलं. माझ्या आजीचं, म्हणजे तिच्या आईचं नाव. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. "चल," मला म्हणाली, "झालं बारसं."

परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी यांना समोर बसवून सगळं समजावलं. हे वाडीत काम करतात हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिथे शरीर हार्मोन्स बनवतं. एक मीठ धरून ठेवणारं, एक आजारपणात माणसाला तग धरायला लावणारं, आणि एक पुरुषी वळणाचं, ते थोडं बायकांतही असतं. पाटाचं पाणी तुम्ही तीन अंगांना वळवता ना? समजा दोन फाट्यांच्या तोंडाशी दगड बसला. पाणी कुठं जाईल?"

"तिसऱ्यात," हे म्हणाले.

"तसंच झालंय. पहिली दोन हार्मोन्स बनतच नाहीत, आणि तिसरं उतू जातंय. म्हणून मीठही टिकत नाही आणि मुलीची ठेवणही बदलली. तो दगड म्हणजे एका जीनमधली चूक. तुमच्याकडे त्या जीनची एक प्रत बरी, एक बिघडलेली. वहिनींकडेही तशीच. बऱ्या प्रतीवर तुमचं सगळं ठीक चालतं, म्हणून तुम्हाला कधी कळलंही नाही. मुलाला दोघांकडूनही बिघडलेलीच आली की मग हे होतं. प्रत्येक खेपेला चारात एक अशी शक्यता."

यांनी विचारलं, "म्हणजे कंपनीचं काही नाही त्यात?"

"काही संबंध नाही."

हे उठून बाहेर गेले. मी औषधं घेऊन आले तेव्हा पायरीवर बसले होते. मला वाटलं होतं, त्यांचं ओझं उतरलं असेल. पण ते म्हणाले, "कंपनीचं असतं तर बरं झालं असतं. ती सोडता तरी आली." त्या दिवसानंतर न्हाणीत वेळ लावणं मात्र थांबलं.

आत्याला मी माझ्या शब्दांत सांगितलं. हे दोघांकडून येतं, आणि दोघांकडे ते एकाच घरातून आलेलं असणार, तिच्या नि माझ्या बाबांच्या आईवडिलांकडून. ती पायलीभर तांदूळ निवडत बसली होती. हात थांबवून म्हणाली, "माझ्या पाठचे दोन असेच गेले गो. आईचे. एक महिन्याच्या आतच, आणि दुसराही तसाच. दूध ओकायचे नि सुकायचे. मी लहान होते, पण मला आठवतंय. म्हणायचे, बाईला बाहेरचं काय तरी लागलंय. आईनं किती उपास केलान." तिनं सूप बाजूला ठेवलं. "आणि तेच मी परत दोन्हीकडनं गोळा केलं. हौसेनं."

"तुला काय माहीत होतं, आत्या?"

"नव्हतं माहीत. आता हाय."

ती तसं का म्हणाली ते मला थोड्याच दिवसांत कळलं. माझी धाकटी बहीण आणि माझे धाकटे दीर यांचंही लग्न ठरल्यातच जमा होतं. दीर मुंबईला एका छापखान्यात होते. या दोघांचं नुसतं मोठ्यांनी ठरवलेलं नव्हतं, त्यांचं एकमेकांवर मन होतं. शिमग्याला दीर आले की बहिणीला घरात काम सुचायचं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांना आवडत होतं.

आत्या मला घेऊन माहेरी गेली. पाणीसुद्धा न घेता बाबांना म्हणाली, "दादा, धाकटीचं दुसरीकडं बघ."

बाबा म्हणाले, "काय चुकलं आमचं?"

"चुकलं नाय काय. आपल्या रक्तात हाय ते. आता पुढं नको."

बहीण आतल्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "आत्या, आमच्यात असेलच, असं डॉक्टर म्हणालेत?"

"नाय म्हणाले. असेल, नसेल."

"मग?"

"एकाला मी पुरायला दिलाय, बाय. याच हातांनी न्हाऊ घालून. परत नाय जमायचं मला."

दीर मुंबईहून तडक आले. ते बाईंकडेही जाऊन आले. दोघांत दोष आहे की नाही हे तपासता येतं का, विचारलं. बाई म्हणाल्या, तशी तपासणी आपल्याकडे अजून सहज होत नाही, आणि झाली तरी खात्रीनं सांगता येईल असं नाही. घरी येऊन ते आत्यासमोर बसले. "आम्हाला मूलच नको. तसंच राहू."

आत्या म्हणाली, "आज म्हणतोस. ती पाच वर्षांनी पाळण्याकडं बघेल तेव्हा काय सांगशील?"

ते उठून पडवीत गेले. मी मधे पडले नाही. माझ्या मांडीवर औषधावर जगणारी मुलगी होती. मी कुणाच्या बाजूनं बोलणार होते?

पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न पूर्णगडला झालं. घर चांगलं, किराण्याचं दुकान, माणूस शांत. जाताना तिनं आत्याला वाकून नमस्कार केला. आत्यानं तिला जवळ घेतलं, पण बहिणीचे हात खालीच होते.

दिरांनी लग्न केलं नाही. दोन-तीन स्थळं आली, त्यांनी नको म्हटलं, आणि मग यायची थांबली. मीठ धरून ठेवणारी जी गोळी होती, ती रत्नागिरीत मिळत नसे. ते मुंबईत एका दुकानातून ती घेत आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती पाठवत. कधी एसटीनं, कधी रेल्वेनं. इतक्या वर्षांत ती कधीही संपू दिली नाही त्यांनी. बरोबर चिठ्ठी नसे. एकदा मी फोनवर म्हटलं, "भावजी, तुमचे उपकार कसे…" तर म्हणाले, "वहिनी, उगाच काय," आणि फोन ठेवला.

मुलगी वाढली. दिवसातून तीनदा गोळी, शिवाय चमच्यात विरघळवलेलं मीठ. ताप आला की गोळी दुप्पट, आणि ओकायला लागली की आधी इंजेक्शन, मग बाकी सगळं. हे आम्ही शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवलं होतं. दोन वर्षांची असताना ऑपरेशन झालं. एकदा गोवरात ती इतकी गळाली की दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे फिरवले होते. ती वाचली. पण त्यानंतर साधं शिंकली तरी यांचा जेवता हात थांबे. तिसऱ्या मुलाचा विचार आम्ही केला नाही. त्यावर आमचं बोलणंही झालं नाही. दोघांनी आपापलं ठरवलं होतं.

ती शाळेत जायला लागल्यावर एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला गोळ्या, आणि बाकी कुणालाच का नाहीत?" मी म्हटलं, "तुझ्या अंगात मीठ टिकत नाही म्हणून." तिनं विचार केला. "आणि माझ्या दादाच्या?" त्याच्याबद्दल तिला आत्यानं सांगितलं होतं. मी म्हटलं, "त्याच्याही नव्हतं टिकत." "मग त्याला का नाही दिल्या?" मला उत्तर येत होतं. कुणाला माहीत नव्हतं, हे उत्तर होतं. पण सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून प्रश्न आल्यावर ते उत्तर किती अपुरं आहे ते मला ऐकू आलं. मी तिची वेणी सोडून पुन्हा घातली.

आत्या शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिच्याजवळ गावी राहिले. तिला भरवताना एकदा तिनं माझा हात धरला. "मी तुला मागितलं नसतं तर तू दुसरीकडं गेली असतीस. चार धडधाकट पोरं असती तुला."

"आणि ही नसती," मी म्हटलं. मुलगी पडवीत एकटीच सागरगोटे खेळत होती.

"ही नसती," आत्या म्हणाली. "आणि तो गेला नसता." तिनं डोळे मिटले. तिला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. मी तिला सुपारीएवढ्या भाताचा आणखी एक घास भरवला. माझं आत्यावर फार प्रेम होतं. तरी ते शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. रागानं नव्हे. जे घडलं त्याला माफी कसली लागते, आणि ती मी कोण देणार, हेच मला कळेना.

आत्याच्या बाराव्याला पूर्णगडहून बहीण आली. बरोबर तिचा मुलगा, चांगला दांडगा, सगळ्या अंगणभर धावणारा. दीर आले होतेच. दिवसभर दोघं माणसांच्या गर्दीत होते, एकमेकांना पाणी, पत्रावळी देत होते. दुपारनंतर तिची गाडी होती. दीर म्हणाले, "सोडून येतो फाट्यापर्यंत," आणि तिच्या मुलाला खांद्यावर घेऊन पुढे चालू लागले. ती मागून चालली होती. सड्यावरून ते तिघं लांबपर्यंत दिसत होते.

परत आल्यावर ते पायऱ्यांवर माझ्याजवळ बसले.

मग म्हणाले, "पोरगा अगदी तिच्यासारखा बोलतो. शब्द संपायच्या आधीच हसतो."

मी म्हटलं, "हो."